‘मासे नुसते गोळा होतात’ या आक्षेपाला उत्तर

काका, नमस्कार.

डेन्मार्कच्या समुद्रात दगड परत टाकून रीफ उभी केली, त्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा वाचली, काल पुन्हा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे आक्षेप तीन. समुद्राच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या देशातला डोंगर फोडणं ही दुरुस्ती नव्हे. ढिगारा टाकला की आजूबाजूचे मासे तिथे गोळा होतात, त्याला ‘मासे वाढले’ म्हणता येत नाही. आणि गोदावरीच्या पात्रातल्या काँक्रीटचा प्रश्न दारात असताना नाशिकमध्ये बसून डेन्मार्कबद्दल कशाला लिहायचं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मध्ये कॅटेगॅट नावाचा समुद्र आहे. तिथल्या लेसो बेटाजवळ लेसो ट्रिंडेल ही दगडी रीफ, म्हणजे समुद्राच्या तळावरचा दगडांचा उंचवटा, होती. बंदरं आणि धक्के बांधायला लोकांनी तिच्यावरचे मोठमोठे दगड उचलून नेले. या धंद्याचं डॅनिश नावच मुळी ‘दगडांची मासेमारी’ असं आहे. २००८ साली तिथे नॉर्वेच्या खाणीतले सुमारे एक लाख टन दगड परत नेऊन टाकले. २०१२ साली पुन्हा मोजणी झाली तेव्हा दगडांवर शेवाळांचं रान माजलं होतं आणि कॉड मासे आधीपेक्षा जास्त मिळाले.

आधी तुमचा दुसरा आक्षेप घेते, कारण तिथे मी चुकले. ‘रीफ बांधली आणि समुद्रातले मासे वाढले’ हे वाक्य मी घाईत लिहिलं. रीफवर जास्त मासे सापडले, एवढंच त्या मोजणीतून निघतं. ते तिथेच जन्मले, तिथे खाऊन जगले की नुसते आसऱ्याला आले, हा निराळा प्रश्न आहे, आणि मत्स्यशास्त्रज्ञ त्यावर अनेक दशकं वाद घालत आलेत. पॉरपॉइजचं तर उघडच आहे. डॉल्फिनच्या नात्यातला हा लहान जीव तिथे जास्त वेळा येऊ लागला, हे पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी त्याचे आवाज टिपून दाखवलं. तो चरायला येतो, जन्माला येत नाही. आणि मासे एका जागी जमत असतील तर जाळं टाकणाऱ्याची सोय होते, हा तुमचा मुद्दाही खरा. रीफवर मासेमारी मोकळी ठेवली तर तिचा सापळा होईल.

पण काका, हा आक्षेप पोहणाऱ्या जीवांना लागू पडतो. चिकटून बसणाऱ्यांना नाही.

बार्नॅकल घ्या. हरिहरेश्वरच्या खडकावर अनवाणी चाललात की तळपायाला टोचतात ते पांढरे, टोकदार, इवलेसे किल्ले. याचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं, खडकाला लागलं की मिशांसारख्या दोन अवयवांवर चक्क चालतं, इथे चाचपतं, तिथे चाचपतं. आपल्या जातीचे मोठे बार्नॅकल आधी बसून गेल्याची रासायनिक खूण त्याला कळते. जागा पसंत पडली की डोकं खाली टेकवून चिकटतं ते कायमचं. पुढचं सगळं आयुष्य पाय वर करून पाण्यातलं खाणं ओढत राहतं. दुसरा खडक सोडून ते इथे आलेलं नसतं. हा दगड नसता तर खालच्या वाळूवर ते मेलं असतं. शिंपल्यांचं, स्पंजांचं, दगडाला धरून वाढणाऱ्या शेवाळांचं तेच. त्या दगडांवर जे चिकटलं ते नव्याने जगलेलं आहे, तिथे ‘गोळा झालं’ हा शब्द बसत नाही.

आणि ते येण्याला क्रम असतो. पहिल्या काही दिवसांत दगडाला बुळबुळीत थर धरतो, जिवाणूंचा आणि डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांचा. मग काही आठवड्यांत भराभर वाढणारी, केसांसारखी बारीक शेवाळं येतात, आणि बार्नॅकल. केल्पसारखी मोठी, वर्षानुवर्षं टिकणारी शेवाळं मागून येतात. त्यांचे बीजाणू बहुतेक वेळा आईच्या आसपास, फार तर काहीशे मीटरवर पडतात. म्हणून जुन्या रीफचा एखादा तुकडा जवळ उरलेला असणं फार मोलाचं. लेसो ट्रिंडेलला तो उरला होता. ओसाड वाळूवर मैलोन्‌मैल एकटाच ढीग घातला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

तुम्ही धरणावर पिचिंग, म्हणजे मातीच्या भिंतीवरचा दगडांचा थर, केलंय, म्हणून तुम्हाला हे चटकन कळेल. पिचिंगमध्ये दगड बसवला की फटीत चिपा ठोकतात, लाटेने मागची माती ओढून नेऊ नये म्हणून. रीफवर त्या फटीच हव्या असतात. खेकडा फटीत राहतो, लॉब्स्टर फटीत राहतो, लहान मासा मोठ्याला चुकवून फटीत शिरतो. तिथे चिपा ठोकल्या तर घर बांधून दार लिंपल्यासारखं होईल. एक नियम मात्र दोन्हीकडे सारखा: दगड हलता कामा नये. मोठे दगड गेल्यावर ट्रिंडेलवर उरलेले लहान दगड वादळात गडगडायचे, आणि केल्प वाढून जड झाला की दगडासकट उचलला जायचा. म्हणून नवे दगड मोठे निवडले.

जे हलतं ते काय करतं, ते फ्लोरिडात दिसलं. १९७२ साली फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे वीस लाख जुने टायर रीफ म्हणून समुद्रात टाकले. बांधलेले पट्टे गंजले, तुटले, आणि सुटलेले टायर शेजारच्या जिवंत प्रवाळांवर आपटत राहिले. ते काढायचं काम पुढे कित्येक वर्षं करावं लागलं. ‘ढिगारा टाकला की झालं’ असं मीही मानत नाही, ते यामुळेच.

पहिल्या आक्षेपाचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याकडे नाही. खाणीची जखम खरी आहे. एवढंच म्हणेन, की डेन्मार्कच्या बहुतेक किनाऱ्याला आपल्या कोकणासारखा कातळ नाही. तिथले दगड हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेले. एकदा नेले की वाळूसारखे पुन्हा वाहत येत नाहीत. धक्के उपसून ते परत आणणंही शक्य नव्हतं. पुढे २०१० मध्ये समुद्रातून असे दगड काढणं तिथे बंद झालं, आणि मला वाटतं खरं काम ते. परत घालण्यापेक्षा न काढणं स्वस्त, हे तुमचं वाक्य मी तसंच्या तसं मान्य करते.

राहिली आपली गोदावरी. मार्चमध्ये मुलीला घेऊन सोमेश्वरला धबधब्याच्या खालच्या अंगाला गेले होते. पाणी कमी होतं. तिने दोन दगड उचलून आणले. एक प्रवाहात मोकळा पडलेला गोटा, धुतल्यासारखा साफ. दुसरा गाळात अर्धा रुतलेला काळा बेसॉल्ट, उचलायला मला हात लावावा लागला. त्याच्या वरच्या अंगाला हिरवं शेवाळ, कडेला दोन गोगलगायी, आणि पोटाखाली वाळूच्या कणांची चिकटवलेली नळी, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. नळीतून एक डोकं बाहेर आलं आणि लगेच आत गेलं. कॅडिसफ्लाय या उडणाऱ्या किड्याची पाण्यात राहणारी अळी. मुलीने दगड होता तसाच पालथा परत ठेवला. ट्रिंडेलबद्दल मी लिहिलं ते त्या दगडामुळे. पात्रात काँक्रीट ओतलं की ही पोटाखालची बाजूच उरत नाही.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं. आता ते असं आहे: ‘रीफवर आधीपेक्षा जास्त कॉड सापडले, त्यातले किती तिथे वाढले आणि किती बाहेरून आले, हे या मोजणीतून ठरत नाही.’

आणि एक विचारायचं होतं. गंगापूर धरणासारख्या मातीच्या भिंतीवर लाटेचा मारा जिथे सर्वांत जास्त, तिथे तुम्ही किती वजनाचा दगड लावत होता, आणि तो पहिल्यांदा किती वर्षांनी हलला? वेळ मिळाला तर इथेच लिहा.