लंबगोल दीर्घिका कोरड्याठाक नसतात

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह. ‘वायू आणि धूळ फक्त सर्पिल दीर्घिकांत, लंबगोल दीर्घिका रिकाम्या, तिथे नवा तारा जन्मूच शकत नाही’ असा मजकूर खगोलप्रेमींच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. सर्पिलांत थंड वायू बराच जास्त असतो, हे मान्य. पण ज्यातून तारे जन्मतात तो थंड रेण्वीय (रेणूंच्या रूपातला) हायड्रोजन स्वतः जवळपास दिसतच नाही, म्हणून त्याच्यासोबतच्या कार्बन मोनॉक्साइडचे रेडिओ संकेत शोधतात. अ‍ॅटलास-थ्रीडी पाहणीत जवळच्या सुमारे २६० लंबगोल व मसुराकार दीर्घिका तपासल्या. तब्बल २२ टक्क्यांत हा वायू सापडला. नरतुरंग तारकासमूहातल्या ‘सेंटॉरस ए’ या लंबगोल दीर्घिकेचा फोटो बघाच: तेजस्वी गोळ्याला मधोमध छेदणारा काळाकुट्ट धुळीचा पट्टा आणि त्याच्या कडेला निळे, तरुण तारे. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. कुणी पाठवलाच, तर त्याखाली हा खुलासा टाका.