‘परवाना नसला तरी केंद्र बरं’ हे पटत नाही, कारण…

विनापरवाना व्यसनमुक्ती केंद्रांवर शहर प्रशासनाने कारवाई सुरू केली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं: माणूस रस्त्यावर पिऊन मरण्यापेक्षा कुठल्याही केंद्रात असलेला बरा. दारू सोडायला डॉक्टर नको, शिस्त हवी. दाराला कुलूप नसेल तर रुग्ण पळतात. परवाना म्हणजे नुसता कागद, सरकारी रुग्णालयांतही माणसं मरतातच. आणि केंद्रं बंद केली तर आतल्यांनी जायचं कुठे? हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत थकलेली, हात टेकलेली कुटुंबं खूप असतात. म्हणून तो नीट वाचून उत्तर द्यायला हवं.

‘डॉक्टर नको, शिस्त हवी’

या मजकुरातलं सगळ्यांत घातक वाक्य हेच आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूने दबलेलं राहण्याची सवय होते, आणि तो दाब पेलण्यासाठी मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी बंद झाली की दाब जातो, वाढलेली उत्तेजना तशीच राहते. ६ ते १२ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते. पहिल्या ४८ तासांत आकडी येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना ताप चढतो, दिवस-रात्रीचं भान सुटतं, नसलेली माणसं दिसू लागतात. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नव्हते त्या काळात यात तिघांतला एक दगावल्याच्या नोंदी आहेत. वेळेवर उपचार मिळाले तर मृत्यूचं प्रमाण शेकडा पाचाच्या आत राहतं.

आता प्रशिक्षित माणूस नसलेल्या केंद्रातली तिसरी रात्र पाहा. माणूस चादरीवरचे नसलेले किडे वेचतोय, उठून दाराकडे धावतोय. वॉर्डनला ते नाटक वाटतं. मग हात बांधले जातात, अंगावर गार पाणी ओतलं जातं, नाहीतर खोलीत एकट्याला कोंडलं जातं. बांधलेला माणूस जिवाच्या आकांताने सुटायला बघतो, त्यात ताप आणखी चढतो आणि हृदयावर ताण येतो. नाडी कुणी मोजलेलीच नसते.

इथे खरं तर दर एक-दोन तासांनी नाडी, रक्तदाब, ताप आणि थरथर लिहून ठेवायची असते. त्यानुसार डॉक्टरने डायझेपाम किंवा लोराझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या औषधांचा डोस ठरवायचा असतो. थायामिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वही द्यावं लागतं, तेही ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत. पुष्कळ ठिकाणी ‘सलाईन लावलंय’ एवढ्यावर नातेवाईक निश्चिंत होतात. पण थायामिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर आधीच रिकाम्या झालेल्या शरीरातलं उरलंसुरलं थायामिनही संपतं. डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्याला त्या एकदम तोडल्या तरी आकडी येते, कधी कधी आठवडा उलटल्यावर. म्हणून दाखल करतानाच विचारायचं: शेवटचा घोट कधी, रोज किती, आधी आकडी आली होती का, गोळ्या कोणत्या. ही चार उत्तरं ज्या केंद्रात लिहिलेली सापडत नाहीत, तिथे दारू तोडण्याचं काम होता कामा नये.

‘कुलूप नसेल तर पळतात’

जानेवारी २०१२ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे एका विनापरवाना व्यसनमुक्ती केंद्राला आग लागली. दारं कुलूपबंद होती, खिडक्यांना गज होते. किमान २७ जण गेले.

फोमची गादी पेटली की काही मिनिटांतच खोली काळ्या धुराने भरते, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायूही असतो. किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते. तो झोपेतून उठून अंधारात कुलपाचं भोक शोधतो. दार आत उघडणारं असेल तर आतून रेटणाऱ्या गर्दीनेच ते बंद राहतं. म्हणून कसोटी सोपी ठेवावी: दिवे बंद करून, किल्लीशिवाय, एका हाताच्या एका हालचालीत दार आतून बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. कुणी निघून जाईल ही भीती असेल तर दार उघडताच वाजणारी घंटा बसवावी आणि रात्री एक माणूस जागा ठेवावा.

माणसं पळतात ती मुख्यतः पहिल्या काही दिवसांत, व्यसन तुटल्याचा त्रास सहन होत नाही म्हणून. तो शमवला की बरेचसे थांबतात. स्वेच्छेने आलेल्या प्रौढाला निघून जायचा हक्कही आहे. इच्छेविरुद्ध ठेवायचं तर कायद्याने नेमलेली प्रक्रिया हवी, घरच्यांची सही पुरत नाही.

‘परवाना म्हणजे कागद’

यात तथ्य आहे. डिसेंबर २००६ मध्ये मॉस्कोच्या सरकारी व्यसनोपचार रुग्णालयात लागलेल्या आगीत ४५ स्त्रिया गेल्या. तिथेही गज होते, तिथेही बाहेर पडायची वाट कुलूपबंद होती. म्हणजे परवाना देऊन विसरून जाणं हा गुन्हाच आहे. त्यावरचा उपाय तपासणी कडक करणं हाच.

शहराचा निरीक्षक डॉक्टर नसतो, पण पुष्कळ काही पाहू शकतो. न कळवता जावं, शक्यतो रात्री. नोंदवहीतली नावं आणि टूथब्रश मोजावेत. ब्रश जास्त निघाले तर नोंद न करता ठेवलेली माणसं असू शकतात. गेल्या आठवड्यात आलेल्या प्रत्येकाचा पहिल्या ७२ तासांचा तक्ता मागावा. रात्री दोनला कुणाला आकडी आली तर कोणतं रुग्णालय घेणार, हे लेखी आहे का ते पाहावं. व्यवस्थापकाला ऐकू जाणार नाही अशा जागी दोघा-चौघांशी बोलावं.

एक भान मात्र शहरांनी ठेवावं. व्यसन सोडलेली पाच-सहा माणसं घर भाड्याने घेऊन एकमेकांच्या आधाराने राहत असतील, तर त्यांच्याकडून रुग्णालयाचे नियम मागणं अन्याय आहे. जिथे दारू-ड्रग्ज तोडले जातात, औषधं दिली जातात किंवा माणसांना अडवून ठेवलं जातं, तिथे परवाना हवा.

‘रस्त्यापेक्षा बरं’

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत तर हे सरळ चूक ठरू शकतं. तीन-चार आठवडे काही न घेता आत काढले की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाचा डोस घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यांत धोक्याचे असतात. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही या व्यसनावर डॉक्टर देतात ती औषधं चालू असताना मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो, पण विनापरवाना केंद्राला ही औषधं कायद्याने ठेवताच येत नाहीत. तो मृत्यू घरी होतो, म्हणून केंद्राच्या नावावर कधी चढत नाही.

‘बंद केलं तर जायचं कुठे?’

हा प्रश्न खरा आहे आणि त्याची जबाबदारी शहराचीच आहे. सकाळी सील ठोकून ४० माणसं फुटपाथवर आणणं म्हणजे वर सांगितलेले सगळे धोके एकदम ओढवून घेणं. पहिल्या दिवशी फक्त नवे दाखले थांबवावेत, कुलपं काढावीत आणि रात्री जागा राहणारा माणूस बसवावा. त्याच दिवशी डॉक्टरने प्रत्येकाला तपासून तीन याद्या कराव्यात: गेल्या पाच दिवसांत दारू तुटलेले किंवा अलीकडे गोळ्या तुटलेले, अफूजन्य पदार्थांचे, आणि बाकीचे. पहिल्या यादीतल्यांना लगेच रुग्णालयात हलवावं. दुसऱ्या यादीतल्यांना औषधोपचार केंद्राशी जोडून द्यावं. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थाचा डोस जास्त झाल्यास तो उतरवणारं औषध, द्यावं, ते कसं वापरायचं ते दाखवावं. तिसऱ्या यादीतल्यांना विचारून घरी किंवा दुसऱ्या केंद्रात पाठवावं. सील लावण्याआधी व्यवस्थापकाचं कपाट उघडून ज्याचं त्याचं ओळखपत्र, फोन आणि स्वतःची औषधं सही घेऊन ज्याच्या त्याच्या हातात द्यावीत.