सान हुआनला गेलात तर एल मोरो आधी बघू नका

कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये तोच फोटो असतो. हिरवं पठार, टोकाला एल मोरो किल्ला, मागे निळाशार अटलांटिक. फोटो झकास येतो, वादच नाही. पण राजधानी सान हुआनच्या जुन्या भागातले किल्ले एका दिवसात उरकायचे असतील तर सुरुवात सान क्रिस्तोबालपासून करावी, हे माझं ठाम मत. दोन्हीकडे एकच तिकीट चालतं आणि मधलं अंतर रमतगमत चालण्याजोगं आहे.

एल मोरोचं काम स्पॅनिशांनी १५३९ मध्ये काढलं ते बंदराच्या तोंडावर पहारा ठेवायला. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक समुद्रातून आला आणि तोफा खाऊन परत गेला. तीनच वर्षांनी अर्ल ऑफ कम्बरलंड या इंग्रज सरदाराने पूर्वेला सैन्य उतरवलं, जमिनीवरून चाल केली आणि किल्ला घेतला! पुढच्या दाराला कुलपांवर कुलपं आणि मागचं नुसतं लोटलेलं, अशी गत. त्याला नंतर बेट सोडायला लावलं ते हगवणीने. १६२५ मध्ये डचांना किल्ला काही मिळाला नाही, पण जाताना त्यांनी गाव जाळलं.

सान क्रिस्तोबाल म्हणजे या मागच्या दाराचा बंदोबस्त. आज दिसतो तो विस्तार मुख्यतः १७६५ ते १७८३ मधला, तोमास ओ'डेली या मूळच्या आयरिश इंजिनिअरच्या देखरेखीखाली सुरू झालेला. (स्पेनच्या राजाच्या पदरी आयरिश माणूस इंग्रजांना अडवायला तट बांधतोय, हे मला भारी वाटतं.) इथे एकच उंच भिंत नाही. कोरडा खंदक, त्यापुढे सुटे बुरूज, पुढचं प्रत्येक बांधकाम मागच्यापेक्षा ठेंगणं. शत्रूने बाहेरचा बुरूज घेतलाच, तर मागच्या उंचीवरून त्याच्या डोक्यावर मारा. शिवाय खाली भुयारं. वर शत्रू चढला की सुरुंग लावून जमीनच उडवून द्यायची, अशी तयारी. चौकाच्या पोटात पावसाच्या पाण्याची पाच मोठी टाकी. आणि अंधारकोठडीच्या भिंतीवर कुणा कैद्याने काढलेली जहाजं, डोलकाठ्या आणि दोरखंडांसकट. मी तिथे सर्वात जास्त रेंगाळलो.

१७९७ मध्ये ब्रिटिश सेनापती ॲबरक्रॉम्बी मोठं आरमार घेऊन याच बाजूने आला. बाहेरच्या फळीपाशीच अडकला आणि दोन आठवड्यांत माघारी फिरला.

एवढं डोक्यात घेऊन दुपार कलल्यावर एल मोरोकडे जा. मग ते प्रसिद्ध हिरवळीचं पठार नुसतं देखणं राहत नाही. तिथे बांधकाम नाही, कारण जमिनीवरून येणाऱ्याला आडोसा मिळू द्यायचा नव्हता. आज तिथे पोरंटोरं पतंग उडवतात. अमेरिकन लष्कर होतं तेव्हा अधिकाऱ्यांनी गोल्फही खेळून घेतलं! किल्ल्याच्या माथ्यावर दुसऱ्या महायुद्धातली काँक्रीटची टेहळणी चौकी आहे. काहींना ती डोळ्यांत खुपते. मला मात्र ती काढली नाही हे आवडलं. किल्ला विसाव्या शतकातही कामावर होता, ते लपवायचं कशाला?

सावली फारशी नाही, पाणी जवळ ठेवा. वेळ कमी पडला तर एल मोरोचे खालचे मजले राहू द्या, क्रिस्तोबालची भुयारं मात्र सोडू नका.