‘कॉपी चेपा, इक्यू विसरा’? हलगी-ढोलकीला हे लागू नाही

गणपती जवळ आले की सांगली-मिरज, तासगाव, विटा पट्ट्यात घरच्या स्टुडिओत गाणी करणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतो: ‘ड्रम, ढोलकी, हलगी काहीही असो, ट्रॅकची कॉपी काढा, २०:१ ला चेपा, कॉपीचा १५० हर्ट्झखालचा भाग ताठ कापा, १० किलोहर्ट्झ वाढवा, मूळ ट्रॅकमध्ये मिसळा. आवाज लगेच भरतो. मूळ ट्रॅकला इक्यू लागतच नाही.’ (‘चेपा’ म्हणजे कॉम्प्रेसर लावून मोठा आवाज दाबा, २०:१ म्हणजे खूप जोरात. इक्यू म्हणजे ठरावीक वारंवारतेचा आवाज कमी-जास्त करणं.)

आवाज भरणारच! काहीही न करता तोच ट्रॅक त्याच पातळीवर दोनदा लावला तरी ६ डेसिबल वाढतात. मिसळून झाल्यावर एकूण पातळी आधीइतकी खाली आणा आणि मग जुनं-नवं ऐकून बघा. निम्मं कौतुक तिथंच उतरतं.

२०:१ ला माझी हरकत नाही. पॅरलल कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे चेपलेली कॉपी मूळ ट्रॅकसोबत मिसळताना, थापेची धार मूळ ट्रॅक सांभाळतो, कॉपी दोन थापांमधलं बारीकसारीक वर आणते. पण त्या फटीत असतं काय? ड्रमसेटला किक, स्नेअर या प्रत्येक ड्रमचा माइक वेगळा, खोलीतली घुमही आवरलेली. आपल्याकडं हलगी, घुमकं आणि कैताळ (मोठी झांज) एका खोलीत, एका दमात वाजतं. हलगीच्या माइकात कैताळ शिरलेला असतोच. कॉपी त्यालाच वर काढते, वर पुन्हा १० किलोहर्ट्झ वाढवले की हलगी राहते बाजूला आणि कैताळ कानात घुसतो.

आता तो ताठ काप. ढोलकीत खर्जाची घुमारी आली की कॉम्प्रेसर दबतो आणि शाईकडचे बोल त्याच्याबरोबर बुडतात, म्हणून खालचा भाग कापायची कल्पना मुळात शहाणपणाची. फक्त कापायची जागा चुकली. साधा बटरवर्थ फिल्टर (कापायच्या फिल्टरचा एक नेहमीचा प्रकार) २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह इतक्या ताठ उताराला लावला तर कापाच्या वारंवारतेवर आवाजाच्या लाटेची फेज, म्हणजे चढ-उताराची जागा, बरोबर १८० अंशांनी फिरते. म्हणजे १५० च्या आसपास कॉपी मूळ ट्रॅकला उलटी भिडते आणि ढोलकीचं पोट पोकळ होतं. लोक मग माइकला नावं ठेवतात. तोच फिल्टर कॉम्प्रेसरच्या साइडचेनमध्ये लावा, म्हणजे किती दाबायचं हे कॉम्प्रेसर जे ऐकून ठरवतो फक्त त्यावर. कॉम्प्रेसर खर्जाला दचकत नाही, खुद्द आवाजाला फिल्टर लागतच नाही, त्यामुळं फेजही शाबूत.

इक्यू लागत नाही म्हणणं तर उलटंच आहे. छोट्या खोलीत ३००-४०० हर्ट्झला डबा वाजल्यासारखा आवाज आला असेल तर कॉपीतही तोच येणार, आणि थापेमागं रेंगाळणारा म्हणून आणखी ठळक. तो मूळ ट्रॅकवर, कॉपी फुटायच्या आधीच कमी करायचा. (पावसाळी हवेत उतरलेली हलगी न शेकता रेकॉर्ड केली असेल, तर यातलं काहीच कामाचं नाही.)

प्रमाणाचं म्हणाल तर मी कॉपीचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) पूर्ण खाली ठेवून सुरुवात करतो. पूर्ण गाणं चालू ठेवून तो हळूहळू चढवायचा, कॉपी वेगळी ऐकू यायला लागली की दोनेक डेसिबल मागं घ्यायचा.