‘नाहीतरी मरणारच आहेत’ म्हणे!

टोरोंटो-मिसिसागाकडच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्या साडूने तो मला पाठवून विचारलं, “शनिवारी पोतं आणू का?” म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या गोष्टी मी न वाचताच उडवतो.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: लेक ओंटारिओतून क्रेडिट, गॅनरास्का अशा नद्यांत चढणारे सॅमन-ट्राउट अंडी घालून मरतातच, तेव्हा बिनधास्त उचला. नदीत ते खात नाहीत, त्यामुळे फ्लाय फिशिंग (पिसं-लोकर बांधलेल्या नकली आमिषाने, म्हणजे ‘फ्लाय’ने, गरवणं) हा नुसता शौक. मोठा तिहेरी गळ अंगात रुतवून ओढा. मासे सरकारने सोडलेले, परवाना कसला? पकडून सोडलेला मासाही मरतोच. आणि गाबोळी गरोदर बाईला द्या, ताकद येते.

आधी ते ‘मरणारच’. चिनूक आणि कोहो सॅमन अंडी घालून मरतात, हे खरं. स्टीलहेड मरायलाच हवा असं मुळीच नाही. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, तळ्यात वाढून अंड्यांसाठी नदीत येणारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो चिनूकच्या मागोमाग नदीत शिरतो, वाहून आलेली सॅमनची अंडी खातो, बरेचसे मासे हिवाळा नदीतच काढतात आणि वसंतात स्वतःची अंडी घालतात. त्यातून वाचलेले तळ्यात परततात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतात. म्हणजे नोव्हेंबरात ‘नाहीतरी मरणार’ म्हणून उचललेल्या मादीने त्या हंगामाची अंडी अजून घातलेलीच नसतात! ओळखायचं कसं? तोंड उघडून बघा. चिनूकच्या हिरड्या काळ्या, स्टीलहेडचं तोंड आतून पांढरं. एवढंही बघायचं नसेल तर नदीवर येऊ नका.

चिनूकचंही तेच. तो मरतो अंडी घातल्यावर, आधी नाही. उथळ पाण्यात तळाच्या काळपट खडीत एखादा स्वच्छ, फिकट पट्टा दिसतो. तिथे मादीने शेपटीने खडी उकरून अंडी पुरलेली असतात. फोटोसाठी त्यावरून बूट घालून चालणारे महाभाग मी दर हंगामात बघतो.

या समजाचं मूळ मला ठाऊक आहे. पहिल्या पावसात ओढ्यावर चढणीचे मासे टोपलीने धरलेली आमची पिढी, वर येणारा मासा दिसला की हात शिवशिवतातच. पण महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते, ती याच मंडळींना तोंडपाठ. इथला नियम मात्र फॉरवर्डवरून शिकायचा.

आता ‘खात नाहीत’. अर्धं खरं. चिनूक नदीत आल्यावर खाणं सोडतो. फ्लायवर झडप घालतो ती चिडून. स्टीलहेड खातो. केशरी लोकरीचा बारीकसा गोळा गळाला बांधून, चिनूकच्या घरट्याखालच्या प्रवाहात तळालगत वाहू दिला की तो तोंडात घेतो. पाण्यावरचा तरंगा जराsss अडखळतो, तेवढीच खूण. अंगात गळ रुतवून ओढणं ओंटारिओत बेकायदा आहे, आणि चुकून तोंडाबाहेर अडकला तर मासा लगेच सोडावा लागतो. पलीकडे न्यूयॉर्क राज्यात, पुलास्कीच्या सॅमन रिव्हरवर, 90च्या दशकापर्यंत हा ओढाओढीचा प्रकार चालायचा, हे कबूल. कुणाचं तरी ज्ञान तिथेच थांबलेलं दिसतं.

‘सरकारने सोडलेले’ हेही निम्मंच. रेनबो मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा, 1870च्या दशकात ग्रेट लेक्समध्ये आणलेला. पण आज गॅनरास्कात चढणारे बहुतेक रेनबो त्याच नदीत जन्मलेले असतात. आणि मासा कुठूनही येवो, परवान्याचा त्याच्याशी संबंध काय? इथल्या 18 ते 64 वयाच्या रहिवाशाला तो लागतो. भारतातून आलेल्या सासऱ्यांनाही लागतो, सत्तरीचे असले तरी.

‘सोडलेला मरतोच’ या वाक्याला मात्र नीट उत्तर हवं. 1992 साली फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी रेनबो ट्राउटला पाण्यात दमेपर्यंत पळवलं आणि बारा तासांनी किती जिवंत राहिले ते पाहिलं. नुसते दमवलेले 88 टक्के जगले. दमवून 30 सेकंद हवेत धरलेले 62 टक्के. पूर्ण मिनिट धरलेले फक्त 28 टक्के. प्रयोग टाकीतला होता, नदीत आकडे बदलतील. पण त्याचा रोख कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. मासा मारतो तो तुमचा सेल्फी. मजबूत दोर लावून झटपट जवळ घ्या, हात ओले करा, कल्ले पाण्यात ठेवूनच गळ काढा. कोमट पाण्यात धोका आणखी वाढतो, तेव्हा उन्हाळ्यात गरवायला जाऊच नका.

राहिली गाबोळी. हे वाचून खरोखर डोकं फिरलं. ओंटारिओ सरकार माशांच्या खाण्याबद्दल मार्गदर्शिका काढतं. तळं, जात आणि लांबीनुसार महिन्याला किती वेळा खावं ते त्यात असतं. पारा आणि पीसीबी (कारखान्यांत वापरलं जाणारं एक विषारी रसायन) यांमुळे गरोदर स्त्रिया आणि 15 वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा, कडक रकाना असतो. पीसीबी चरबीत साठतं, म्हणून चरबी काढून टाकायला सांगतात, आणि गाबोळीत चरबी असतेच. पारा मांसातच असतो, तो कापून निघत नाही. तुमच्या सुनेला काय द्यायचं ते त्या रकान्यात बघा, नाहीतर तिच्या डॉक्टरला विचारा.