पाकट 'प्रगत', लाजाळू 'मागास'? हा जिना आणला कुठून?

पाकट मासा आणि लाजाळू शेजारी शेजारी ठेवून एक युक्तिवाद सर्रास केला जातो: वनस्पती आधी आल्या म्हणून मागास, म्हणजे उत्क्रांतीच्या जिन्यावर खालच्या पायरीवर, त्यांच्यात हिमोग्लोबिन नाही, विजेचे संदेश नाहीत आणि डीएनएही तुटपुंजा. एकेक मुद्दा घेऊ.

'आधी आल्या.' वनस्पती आल्या असतील, लाजाळू नाही. पाकटांचे जीवाश्म ज्युरासिक काळाच्या सुरुवातीपासून मिळतात. म्हणजे १७ कोटींहून अधिक वर्षं. लाजाळू ज्या शेंगवर्गीय कुळातली, त्याचे सर्वांत जुने खात्रीचे जीवाश्म सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉर संपल्यानंतरचे. आधी येणारा मागास, हा नियम लावलात तर पाकटच गोत्यात येतो.

'हिमोग्लोबिन नाही.' इथे दावा सपशेल आपटतो. लाजाळूच्याच कुळातल्या सोयाबीनचं रोप हलक्या हाताने उपटा आणि मुळावरची जोमदार गाठ नखाने फोडा. आतला गर गुलाबी, लालसर दिसतो. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे पाकटाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीतले जिवाणू ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर हवेतला नायट्रोजन पकडतात, ते ऑक्सिजनने निकामी होतं. पण श्वसनासाठी त्याच जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. लेगहिमोग्लोबिन मोकळा ऑक्सिजन अगदी कमी ठेवतं आणि जिवाणूंना हवा तेवढाच पोहोचवतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर सहसा हे काम बंद असतं.

'विजेचे संदेश नाहीत.' टॉर्पेडो गटातले मोठे पाकट २०० व्होल्टच्या आसपास झटका देतात, हे खरं. सगळे पाकट देत नाहीत, हे सांगायचं राहून जातं. लाजाळूचं पान मिटतं तेही विद्युत संदेशानेच. संदेश देठाच्या फुगीर बुडाशी पोहोचला की तिथल्या पेशींतून क्षार आणि पाठोपाठ पाणी बाहेर पडतं, आणि पान लुळं पडतं.

'डीएनए तुटपुंजा.' स्केट या पाकटाच्या भाऊबंदाच्या एका लहान जातीत डीएनएच्या 'अक्षरां'च्या सुमारे २.२ अब्ज जोड्या, लाजाळूच्याच कुळातल्या वाटाण्यात सुमारे ४.४५ अब्ज. पण म्हणून वाटाण्याला मुकुट घालू नका, त्यातला बराचसा भाग त्याच त्या तुकड्यांची पुनरावृत्ती आहे.

मेंदूची स्पर्धा लावली तर लाजाळू मैदानातच नाही, हे कबूल. पण समुद्री पाकट खाऱ्या पाण्यात तग धरायला रक्तात जो युरिया साठवतो, त्यातला नायट्रोजन त्याला सोयाबीनसारखा जिवाणूंच्या मदतीने हवेतून नाही, तर भक्ष्य खाऊनच मिळवावा लागतो.