‘सी ड्राइव्ह वगळा, कॉम्प्युटर पळेल’ हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना उत्तर

रविवारी कऱ्हाडला दादाकडे गेलो होतो. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. घरूनच बारा-पंधरा दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटी रिटर्न भरतो. खुशीत सांगत होता, “अरे, ग्रुपवर मेसेज आला होता ना, तसं केलं. आता सॉफ्टवेअर अडत नाही.” मी विंडोज सिक्युरिटी, म्हणजे विंडोजमधलाच अँटिव्हायरस, उघडून बघितलं, तर अख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेला! त्याच मशीनवर लोकांचे पॅन नंबर आहेत, बँकेची स्टेटमेंटं आहेत. एवढं असूनही स्क्रीनवर हिरवी खूण दिसत होती, म्हणून त्याला सगळं ठीक वाटत होतं.

मेसेज तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: अँटिव्हायरस भरवशाची सॉफ्टवेअर उगाच अडवतो. सी ड्राइव्ह आणि डाउनलोड्स एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत टाका, कॉम्प्युटर दुप्पट वेगानं चालेल. नामांकित कंपनीच्या सॉफ्टवेअरला तपासणी लागत नाही. शंका आली तर अधूनमधून फुल स्कॅन मारा.

‘उगाच अडवतो’ हे अर्धं खरं आहे, ते नाकारता येत नाही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका सदोष अपडेटनं विंडोज एक्सपीचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस ठरवली आणि कॉम्प्युटर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले. डिजिटल सही, म्हणजे सॉफ्टवेअर कुणाचं आहे ते दाखवणारी खूण, नसलेली छोटी सॉफ्टवेअर तर बऱ्याचदा अडतात. एखादी खात्रीची फाइल वगळावी लागते, त्यासाठीच ती सोय दिलेली आहे. पण एका फाइलबाबत चूक झाली म्हणून सगळ्या ड्राइव्हवरची नजर काढून घ्यायची, हे कुठून आलं?

सी ड्राइव्हमध्ये काय असतं ते तरी बघा. विंडोज तिथंच, डेस्कटॉप तिथंच, तात्पुरत्या फाइलींचं टेम्प फोल्डर तिथंच. ईमेलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतलेली फाइल बहुतेक वेळा आधी डाउनलोड्समध्येच उतरते. म्हणजे अँटिव्हायरसनं जिथं सगळ्यात जास्त बघायला हवं, तिथंच बघू नको म्हणून हा मेसेज सांगतोय. मायक्रोसॉफ्टनं स्वतः काय वगळू नये याची यादी दिलेली आहे. तीत सी ड्राइव्ह आहे, टेम्प फोल्डर आहे आणि ईएक्सई, झिप असे फाइलचे प्रकारही आहेत.

यानं खरंच काय होतं हे ज्यांना बघायचंय त्यांनी कासेयाचं प्रकरण वाचावं. दुसऱ्यांचे कॉम्प्युटर दुरून सांभाळण्याचं सॉफ्टवेअर बनवणारी ही अमेरिकी कंपनी. आमच्या सॉफ्टवेअरची फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळा, असं ती स्वतःच ग्राहकांना सांगत होती. २ जुलै २०२१ ला रेव्हिल ही सायबर गुन्हेगारांची टोळी त्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून आत शिरली आणि तिनं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, नेमका त्या वगळलेल्या फोल्डरमध्ये उतरवला. कंपनीच्याच अंदाजानुसार ८०० ते १५०० व्यवसायांना फटका बसला. स्वीडनमध्ये कूप या साखळीची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, कारण बिलिंगच चालेना. टोळीनं ७ कोटी डॉलर मागितले. सगळं केवळ वगळलेल्या फोल्डरमुळे घडलं असं नाही, पण वाट मोकळी करून ठेवलेली होती. तिथं काही ठरावीक फोल्डर वगळलेली होती. दादानं सगळा ड्राइव्ह वगळला होता.

‘नामांकित कंपनी’चं म्हणाल, तर दादाच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. एम.ई.डॉक हे युक्रेनमधलं करभरणा आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर, तिथल्या कंपन्यांच्या रोजच्या वापरातलं. जून २०१७ मध्ये त्याच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात कोलमडली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात त्याच समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. कंपनीचं नाव खरं असतं, पण आज आलेलं अपडेट तिनंच पाठवलंय याची खात्री त्या नावातून मिळत नाही.

फुल स्कॅनचा सल्ला तर लोकांना सरळ फसवतो. वगळलेलं फोल्डर स्कॅनमध्येही वगळलंच जातं. सी ड्राइव्ह वगळून स्कॅन मारलात आणि ‘धोका शून्य’ असं आलं, तर त्याचा अर्थ तिथं बघितलंच नाही एवढाच. आणि वेगाबद्दल म्हणाल तर दादाच्या कॉम्प्युटरला ४ जीबी रॅम आहे, तो त्यामुळे रेंगाळतो.

खरंच काही अडलं तर विंडोज सिक्युरिटीतल्या प्रोटेक्शन हिस्टरीत जा. कुठली फाइल अडली, ती कुठं आहे, ते वाचा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही कुणाची आहे ते बघा. सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेलं आहे का, ते आठवा आणि त्यांच्या सपोर्टला फोन करा. एवढ्यावर खात्री पटली तर ती एकच फाइल, तिच्या पूर्ण पत्त्यासह वगळा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते, तिथं मात्र थांबाच.

दादाकडे मी हेच केलं. अडलेली फाइल हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नव्हतीच! एक्सेलमधली बिलं आत ओढून घेणारी एक छोटी युटिलिटी होती, कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली, सही नसलेली. सी ड्राइव्ह यादीतून काढला, फुल स्कॅन लावला आणि ती फाइल अडलेलीच ठेवली.

“मग एवढी बिलं हातानं टाकू का?” दादा वैतागून म्हणाला.

“हो. ती कुणी बनवली ते कळेपर्यंत हातानंच टाक,” मी म्हटलं.